नऊ नंबरचा लाल खडा

३ फेब्रुवारी, सकाळ
नवी वही सुरू. जुनी संपलेली नाही, पण तिच्यात सगळे मागच्या वर्षीचे संकल्प आहेत. त्यांच्या शेजारी बसावंसं वाटत नाही.
डाव्या हाताला पुन्हा मुंग्या. चहाचा कप पडला. जानेवारीपासून हा पाचवा. हल्लीच्या कपांचे कान फार लहान असतात. पूर्वी दोन बोटं आरामात जायची.
मुलीला सांगायचं नाही. तिला आठवा महिना चालू आहे.

५ फेब्रुवारी
मुलीला कळलं. जावयाला केराच्या डब्यात तुकडे दिसले. मुलीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो सगळं बोलला. मनाने चांगला आहे, पण कडकपणा दोन. जिप्सम. नखानेसुद्धा ओरखडा उठतो.
शाळेत सायन्सच्या सिस्टर खनिजांची कडकपणाची यादी रोज प्रार्थनेसारखी म्हणवून घ्यायच्या. एक नंबर संगजिरं, म्हणजे टाल्कम पावडरचा दगड. सात गारगोटी, आठ पुष्कराज, नऊ माणिक, दहा हिरा. वरचा खालच्यावर ओरखडा काढतो, खालचा वरच्यावर नाही. बेचाळीस वर्षं झाली. सिस्टरांचा चेहरा पुसट झाला, यादी तशीच आहे. माणसंसुद्धा मला त्याच नंबरांत दिसतात.
मुलगी नऊ. वडिलांवर गेली. मी आठ.
मुलगी म्हणाली, आई, बाळ कपापेक्षा जड असतं. हात नीट झाल्याशिवाय तुझ्याकडे देणार नाही. मी म्हणाले, तुला याच हातांनी वाढवलं. ती म्हणाली, तेव्हा तू कप पाडत नव्हतीस.
याला उत्तर आहे. आज सुचलं नाही.

८ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे. मनगटात नस दाबली गेली आहे. लहानसं ऑपरेशन, वीस मिनिटांचं. १२ मार्च ठरली. बाळ एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे वेळेत होईल.
डॉक्टर वयाने मुलीएवढी. म्हणाली, काकू, येताना डाव्या हातातली अंगठी काढून या. हात सुजला तर तीच बोट आवळेल. मी हो म्हणाले.
अंगठी निघत नाही. चौतीस वर्षांत काढलेली नाही. पण बाहेर पेशंट ताटकळले होते, म्हणून तो विषय काढला नाही.
संकल्प: १२ मार्चच्या आत हात घरीच बरा करायचा. मग ऑपरेशन नको आणि अंगठीचाही प्रश्न नको.

१० फेब्रुवारी, दुपार
गारगोटीला फोन केला. शाळेतली मैत्रीण. पिनाफोरच्या दोन्ही खिशांत दगड भरून वर्गात यायची, म्हणून हे नाव. चालली की वाजायची. आता मण्यांच्या दुकानात बसते आणि बायकांना दुखण्याप्रमाणे खडे देते. म्हणाली, अगं, ऑपरेशन कसलं करतेस, तुझ्या अंगात मिनरल्स कमी पडलेत. कॅल्शियम घे, मॅग्नेशियम घे, मनगटात तांब्याचं कडं घाल आणि उशीखाली गुलाबी स्फटिक ठेव.
स्फटिकावर माझा विश्वास नाही. सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली बाई आहे मी. पण तांबं हा धातू आहे, त्यात विश्वासाचा प्रश्न येत नाही. सगळंच मागवलं. सेट होता.

१३ फेब्रुवारी
कडं घातलं. संध्याकाळपर्यंत मनगट हिरवं. जावयाने विचारलं, हे काय झालं. म्हटलं, असर होतोय.
घड्याळाचा पट्टा एक भोक आत घ्यावा लागला. लेदर वापरून सैल पडतं.

१७ फेब्रुवारी
कोमट पाण्यात मॅग्नेशियमचं मीठ घालून दहा मिनिटं हात बुडवायचा, अशी पाकिटावर सूचना. हात बुडवला आणि गारगोटीचा फोन आला. पन्नास मिनिटं. हाताचा मनुका झाला.
हात ओला आहेच तर, म्हणून साबण लावून अंगठी ओढून पाहिली. नाही. सांध्यापाशी अडते. बोट सुजलेलं आहे. जेवणातल्या मिठाने अंगात पाणी साठतं, हे कुठेतरी वाचलं होतं.
मीठ उद्यापासून बंद.

१८ फेब्रुवारी
मीठ बंद. सूप प्यायले. सूप म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

१९ फेब्रुवारी
मीठ चालू. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

२४ फेब्रुवारी, रविवार
मुलगी आणि जावई आले. मुलगी म्हणाली, बघू, मी काढते. जिना चढून दमली होती, तरी मला बेसिनपाशी उभं केलं, साबण चोळला आणि ओढायला लागली. मग थांबली. म्हणाली, आई, तू बोट वाकवतेयस.
मी वाकवत नव्हते. सांधा आपोआप वळतो. वयाने होतं.
ती म्हणाली, बाबांमुळे का? मी म्हणाले, चहा निवतोय.
चहा केलेलाच नव्हता, हे जावयाला माहीत होतं. पण या वेळी तो बोलला नाही. जिप्समचासुद्धा एखादा दिवस असतो.

२६ फेब्रुवारी
अंगठीबद्दल एकदा नीट लिहून ठेवते.
हे ग्राइंडिंग व्हीलच्या कारखान्यात कामाला. लोखंडाला धार लावायची, वेल्डिंग घासून सपाट करायची, ती गोल दगडी चाकं. ती कुरुंदाच्या भुकटीची बनतात. हे घरी यायचे ते भुवयांत कुरुंद घेऊनच. दोनदा अंघोळ करायचे, तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर कचकच. मी कुरकुरायचे. ते म्हणायचे, नावं ठेवू नकोस, कुरुंद आणि माणिक एकच खनिज आहे. एक कामाला जातं, एक लग्नाला.
लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी लाल खड्याची अंगठी दिली. एका मोठ्या जवाहिऱ्याकडून आणली. खडा खाणीतला, अस्सल. माझ्या तिन्ही बहिणींनी तेव्हा हातात घेऊन पाहिली होती.
ह्यांना जाऊन पाच वर्षं होतील. कपडे दिले. चष्मा दिला. बूट मुलीने नेऊन दिले. अंगठी निघत नव्हती, म्हणून राहिली.

१ मार्च
उशीखालच्या स्फटिकाने मान धरली. गारगोटी म्हणते, दगड कामाला लागलाय. मी म्हटलं, लागलाय, पण मानेला. ती म्हणाली, तू शाळेपासून अशीच, कशाला पूर्ण चान्स देत नाहीस.
कॅल्शियमच्या गोळ्या खडूएवढ्या. घशात अडकतात. पोटाचं इथे लिहीत नाही.
आणखी दोन कप फुटले. स्टीलचा पेला काढला. परवापासून काहीच फुटलं नाही. सुधारणा आहे.

५ मार्च, सकाळी ११
हॉस्पिटलातून फोन. दागिने काढले का? हो म्हणाले.
मनात ‘जवळजवळ’ म्हटलं होतं.

६ मार्च
भाजी चिरून सुरी धुताना ती डाव्या हातातून निसटली. डाव्या अंगठ्याला जोरच नाही. लागलं नाही, पण बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले. सुरीच्या जागी दुसरं काही असतं तर, हा विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि दुपारभर तोच केला.
संध्याकाळी मीच मुलीला फोन केला. अंगठी कापून टाकू म्हटलं. ती म्हणाली, सोनाराशी बोलते.

८ मार्च
सोनार म्हातारा. टेबलावर हिरवं मखमली कापड, त्यावर दिवा, आणि शेजारी कापायचं यंत्र. त्याची चकती नाण्याएवढी, कडेला बारीक खरखर. ओळखीची वाटली. ह्यांच्या चाकांचं लहान भावंड.
कापण्याआधी त्याने भिंगातून खडा पाहिला. म्हणाला, बाई, हा खाणीतला नाही, भट्टीतला आहे. मी म्हणाले, भिंग पुसा. त्याने सदऱ्याला पुसलं, परत पाहिलं. भट्टीतलाच, म्हणाला. बनवलेला. आणि पैलू बघा, एक बाजू तिरकी गेलीय. हे कारागिराचं काम नाही, ज्याला येत नाही त्याने केलंय. पण फार चिकाटीने.
मुलगी माझ्याकडे बघत होती.
मला माहीत होतं. म्हणजे चौतीस वर्षांपूर्वी माहीत होतं. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये विजेच्या मीटरमध्ये बसवायचे बारीक लाल खडे बनायचे. त्यातला एक ओबडधोबड, बाद तुकडा ह्यांनी साहेबांना विचारून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत चाकावर घासत बसले. नऊ महिने. डबा निम्मा घरी परत यायचा, मला वाटायचं माझा स्वयंपाक आवडत नाही. अंगठी देताना त्यांनी सगळं सांगितलं. मीच म्हणाले, माझ्या बहिणींसमोर जवाहिऱ्याचं नाव घ्या. त्यांनी घेतलं. पुढे त्यांनी ते सोडून दिलं, मी धरून ठेवलं.
सोनाराला म्हटलं, कापा.
त्याने चकती उचलली आणि मी हात मागे घेतला. तो म्हणाला, घाई नाही. यंत्र बाजूला ठेवलं, माझं बोट दोन बोटांत धरलं. म्हणाला, सरळ करा. मी म्हणाले, सरळच आहे. तो म्हणाला, नाही, बाई. आणि लहान मुलाची मूठ उघडावी तसं हळूच सांध्यावर दाबलं.
अंगठी आपणहून सरकली आणि मखमलीवर जाऊन पडली. साबण नाही, पाणी नाही.
सोनार म्हणाला, ही तर सैल आहे. हरवली कशी नाही इतके दिवस?
गाडीत मुलीने माझा डावा हात मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. जावयाचे डोळे भरले. समोर बघून गाडी चालव म्हटलं.

१२ मार्च
ऑपरेशन झालं. वीस मिनिटं म्हणाले होते, अठरा लागली. अंगठी चष्म्याच्या डबीत, मुलीच्या पर्समध्ये. बेंगरूळ वाटत होतं. सगळ्या नर्स माझ्या बोटाकडे बघत होत्या असं वाटलं. कोणी बघत नव्हतं.
हात उशीवर उंच ठेवायचा, नाहीतर बोटं सुजतील. रबरी चेंडू दाबायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा.
उद्यापासून काटेकोर.

१९ मार्च
चेंडू सोफ्याखाली गेला आहे. कमरेतून वाकणं जमत नाही. जावई आला की काढेल.
हात उंच ठेवायचं लक्षात राहत नाही. खाली ठेवल्यावर लक्षात येतं.

२६ मार्च
जावई दोनदा येऊन गेला. चेंडूचं सांगायला विसरले.
गारगोटीने कडं परत मागितलं. दुसऱ्या बाईला द्यायचं आहे म्हणे. कोणाच्या गुडघ्याला.

२ एप्रिल, दुपारी ४
मुलीला मुलगी झाली. पहाटे. दोघी बऱ्या आहेत.
बाळाला पाहिलं. कडकपणा एक. संगजिरं. पदर घासला तरी ओरखडा उठेल असं वाटलं, म्हणून काठ आत दुमडून घेतला.
मागायचं नाही, असं गाडीतच ठरवलं होतं. खुर्ची खाटेपासून लांब ओढून बसले. मुलगी म्हणाली, तिकडे काय करतेस, जवळ ये. आधी नीट टेकून बस. मग तिने जावयाला खूण केली.
अकरा मिनिटं. हाताला एकदाही मुंगी आली नाही. बाळाने माझ्या डाव्या हाताचं अंगठीचं बोट मुठीत धरलं होतं. तिथे पांढरा पट्टा आहे, बाकीच्या हातापेक्षा मऊ. मग ती रडायला लागली आणि तिला आईकडे द्यावं लागलं. मला आणखी नऊ तरी मिनिटं जमली असती.

१० एप्रिल
मुलगी घरी आली. महिनाभर माझ्याकडेच. दुपारी बाळ निजलं, मुलगीही आडवी झाली. कपाट उघडून चष्म्याची डबी काढली. उजेडात खडा पाहिला. एक बाजू खरंच तिरकी आहे. चौतीस वर्षं भांडी घासली, एक ओरखडा नाही. बहिणींना आता फोन करून सांगेन, कोणी बनवला ते. या आठवड्यात नाही.
अंगठी घालायला गेले. सांध्यापाशी अडली. साबण लावला, पाणी लावलं, ढकलली. जात नाही. बोट खरोखरच सुजलं आहे.
मुलीपाशी जाऊन हळूच म्हटलं, अगं, बोट सुजलंय. अंगठी जात नाही.
ती डोळे न उघडता म्हणाली, आई, बोट सरळ कर.
खिडकीपाशी येऊन पाहिलं. सरळच आहे.