ओल्या पावाचं वजन

सोमवार, २ ऑक्टोबर १७५८

आधी आलं ते क्राउचचं नाक! बाकीचा क्राउच मागून. त्याच्या मागे कारकून, हातात तराजू. सरकारी पाव-तपासनीस म्हणे! माझी लेक केझाया हाताचं पीठ झटकतेय तोवर यांनी फळीवरचे पाव तोलायलाही घेतले. "पेनीचा पाव, आणि एवढासा?" अरे बाबा, गहू महागला की पेनी तीच ठेवायची अन् पाव बारीक करायचा, हा कायदा कुणाचा? तुमच्याच न्यायाधीशांचा! किती बारीक, तेही तेच ठरवणार. एकाला चूल पेटवायची अक्कल नाही.

पाव चिमूटभर हलका भरला. झाला केझायाचा दुसरा गुन्हा! "बाई, तिसऱ्यांदा सापडलीस तर भट्टी फोडून टाकू." पाव उचलून तुरुंगात वाटायला नेले. चोरांची चैन! पाव कसला खमंग होता— आमच्या सासूबाईंची भट्टी ती, गुणाची. सासूबाईही... जाऊ दे.

बुधवार, ४

केझाया घाबरलीय. पाव अर्धेकच्चे काढते. पाणी आत राहिलं की वजन भरतं ना! हातात घेतला— ओलं फडकं.

शुक्रवार, ६

क्राउच हजर. तोलले. "शाब्बास केझायाबाई! याला म्हणतात प्रामाणिक पाव!" मला हसू आवरेना, खोकल्याचं सोंग केलं. कायद्याला तराजू दिलाय, दात द्यायचे राहिले.

रविवार, ८

नात टॅबीचं पोट बिघडलं. घरचाच पाव खाऊन! शेजारची डॉर्कस दारात येऊन म्हणते कशी, "आजी, आणखी दोन द्या. खिडकीच्या फटी छान बुजतात." मेली! पण खोटं काय बोलली? दुपारी फळी भरलेली तशीच. लोक पलीकडच्या गल्लीत जातात.

केझाया रडली. "आई, नीट भाजला तर भट्टी जाते. कच्चा काढला तर गिऱ्हाईक जातं. करू तरी काय?"

 

मंगळवार, १०

शाल पांघरून नगरभवनात गेले. तिथला शिपाई म्हणे, बसा. बसते कसली! कारकुनाला सरळ विचारलं, "गुन्हे मोजता ते भट्टीचे की माणसाचे?"

"माणसाचे, आजीबाई. दुकान ज्याच्या नावावर, त्याचे. का हो?"

"काही नाही. म्हातारीला चौकशा फार."

असं आहे होय! येताना टॅबीला सफरचंद घेतलं.

बुधवार, ११

आजपासून दुकान माझ्या नावावर. पाव खरपूस भाजायला लावले— हलके तर हलके! क्राउच दारावरचं नवं नाव वाचून लालबुंद झाला. सोमवारी परत येतो म्हणाला. ये की! माझा तर अजून पहिलाही गुन्हा झालेला नाही!