फुकट गणवेश

कोलार रोड, भोपाळ

ती. निनाददादास मंजूचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. वहिनीची नवी नोकरी कशी चाललीय?

परवा माझ्या शिवणाच्या दुकानासमोर एका उमेदवाराची सभा झाली. निवडून आलो तर सगळ्या शाळांत तयार गणवेश फुकट देऊ, म्हणाले. मी विचारलं, आम्ही शिवणाऱ्यांनी काय करायचं? "बहनजी, आपका भी सोचेंगे," म्हणत ते पुढे गेले. आता विरोधी उमेदवारही तेच आश्वासन देतोय.

माझ्याकडे काजं करणाऱ्या शकुनने सभेत टाळ्या वाजवल्या. तिची तीन मुलं शाळेत आहेत. मला तिच्यावर रागावता आलं नाही.

यंदा गणवेशाचं कापड मागवलं नाही. काल निघताना तिने विचारलं, "दीदी, सोमवार को आऊँ ना?" मी ये म्हटलं. तिला काम काय देणार, ठाऊक नाही.

आईला मात्र दुकान छान चाललंय एवढंच सांग.

तुझी,
मंजू