अर्धा किलोचं बोट

१२ जानेवारी २००८

त्याला बंदूक म्हणायचं नाही म्हणे — मार्कर म्हणायचं! नीलेश तीनदा ओरडला माझ्यावर. ओरडला, हेच केवढं. दोन वर्षांत पोराचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

त्याच्या शाळेतल्या मित्राने, सुमीतने, केळझरच्या अलीकडे पडीक वावर भाड्याने घेऊन हा खेळ सुरू केला आहे. या मार्करने रंगाच्या गोळ्या एकमेकांवर मारायच्या. कॉलेजची पोरं पैसे देऊन रंगून घेतात! धुळवडीला फुकट मिळतं ते. मी हसले. नीलेश नाही हसला. म्हणाला, "आई, तिथं सगळ्यायच्या तोंडावर मुखवटा असते. हातात मोजे असते. कोन कोन आहे, कोनाले पत्ता नाई."

 

१३ जानेवारी

इथे खरं लिहिते. दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. लोकांना सांगितलं आहे, मोटारपंपाचा शॉक बसला, हात वाकडा झाला. शॉक नाही. कुष्ठरोग. औषध पूर्ण झालं. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं — बरा झाला, याच्यापासून आता कोणाला काही होत नाही. पण उजव्या हाताची बोटं आकडली ती आकडली. ताकद गेली, स्पर्श गेला. पोलीस भरतीच्या धावण्यात पहिला आलेला पोर! मागच्या खोलीत बसून पंख्याकडे पाहतो. पंखा बंद असतो तरी पाहतो.

सुमीतकडची भाड्याची मार्करं साधी. त्यांचा घोडा कडक. नीलेशने जाऊन पाहिलं एकदा, दोन बोटं लावली तरी दबेना. मागचा पोरगा म्हणाला, "सरक नं भाऊ, का झोपला?" तेवढ्यावर घरी परत.

बॅटरीवरचं मार्कर मिळतं. त्याचा घोडा नुसता टेकला की गोळी सुटते. पण ते स्वतःचं घ्यावं लागेल.

यांना विचारलं. हे म्हणाले, "किराण्याच्या दुकानात बंदूक? तुले कळते का काई?" संपलं.

१७ जानेवारी

घरी हळदीकुंकू. नीलेश मागच्या खोलीत, आतून कडी. सुलोचनाबाई — यांची बहीण — सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "भाच्चा कुठी आहे, वहिनी? नवरीवानी लपून राह्यला का?" बायका हसल्या. मी तिळगूळ वाटत राहिले. दाराआड त्याने ऐकलंच असणार.

सगळ्या गेल्यावर कडी काढून त्याने विचारलं, "गेल्या का?"

घ्यायचं. ठरलं. यांना सांगायचं नाही.

२० जानेवारी

हे दुकानात असताना सुमीतला बोलावलं. पोत्यात गुंडाळून तीन मार्करं घेऊन आला. नागपूरच्या कोणाची तरी आहेत, एक ठेवायचं, दोन परत.

पहिलं साधं, नवंकोरं. सगळ्यात स्वस्त. दुसरं पूर्ण इलेक्ट्रॉनिक — निळं, चकचकीत, दृष्ट लागावी असं. किंमत ऐकून मी हात मागे घेतला. माझ्या पाटल्या जातील त्यात. सुमीत म्हणाला, "काकू, याच्या नादी लागू नोका. याले दाबाची साधी हवा लागते, थे इकडे भेटत नाई. आपन सोडावॉटरवाल्याकून गॅस भरतो. थो गॅस याच्यात गेला का आतली झडप गारठते. दोन महिन्यात खलास."

तिसरं जुनं. अंग साधं, मूठ तेवढी बॅटरीची. सोड्याच्या गॅसवर चालतं. दिसायला दळभद्री, नळीवर ओरखडे.

नीलेश निळ्याकडे पाहत होता. पाहणारच.

मी विचारलं, "घोडा किती जड?"

"थे कोनी मोजत नाई, काकू."

न मोजता घ्यायचं? मी कोथिंबीर न पारखता घेत नाही!

२१ जानेवारी

दुकानातली वजनं मागितली. हे म्हणाले, "वजनं काहाले?" म्हटलं, चिंचेने घासून देते. (घासली पण. खोटं कशाला.)

मार्कर उभं धरलं, नळी वर. परकराच्या नाडीचा फास घोड्याला, खाली वजन लटकवायचं. साध्याला दोन किलो लावले तेव्हा टक् झालं. बॅटरीवाल्या दोघांना दोनशे ग्रॅमच लावले — तिसऱ्यानेही टिक्, निळ्यानेही टिक्. मग एवढ्या पैशाचं काय?

मग नीलेशचं बोट. नको म्हणाला. मीच नाडी बांधली. किती दिवसांनी त्याचा हात हातात घेतला! गार होता. पाव किलो उचललं. अर्धा किलो उचललं, पण बोट कापत होतं. पाऊण किलो नाही.

"अर्धा किलोचं बोट आहे तुझं," मी म्हटलं, "दोनशे ग्रॅमचा घोडा तुला पुष्कळ."

तो वजनाकडे पाहत राहिला. "भरतीत म्या शंभर जोर काढलते, आई."

मी नाडी सोडली.

२५ जानेवारी

संकष्टी. केळझरला जाऊन आले. गणपतीपुढे हात जोडले आणि मागायचं काय तेच आठवेना. हात सरळ कर म्हणायचं, तर डॉक्टर म्हणाले ते होणार नाही. न होणारं देवाकडे किती वेळा मागायचं?

तिसरं मार्कर घेतलं. घरखर्चातून मागे टाकलेलं सगळं गेलं. हिशोबाच्या वहीत "दवाखाना" लिहिलं. फार खोटं नाही ते.

२९ जानेवारी

रंगाच्या गोळ्यांचं खोकं उन्हात ठेवायचं नाही, ओलीतही नाही. घरात थंड आणि कोरडी जागा देवघराचीच. ठेवलं. तर नीलेश म्हणतो, "आई, याचं साल कॅप्सूलसारकं असते. जिलेटिनचं. हाडायपासून करते थे."

अगं बाई! उचललं, बाहेर ठेवलं. देवघर पुसलं, गोमूत्र शिंपडलं. आणि मग बसकण मारली — वर्षभर त्याच्या औषधाच्या कॅप्सूल मी रोज देवापुढे ठेवूनच त्याला दिल्या! देव काही बोलला नव्हता.

खोकं परत आत ठेवलं.

३ फेब्रुवारी

रविवार. गेला!

संध्याकाळी आला तो निळा, पिवळा, कानात हिरवा. दारातूनच — "आई, तिघायले मारलं! एक तं झाडामागं होता, त्याले वाटलं मले दिसत नाई!" जेवताना बोलत होता. चार भाकरी. ह्यांनी रंग पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "कुठून आलं?" म्हणाले. मी वरण वाढलं. पुन्हा विचारलं नाही त्यांनी. पोराचं बोलणं ऐकत जेवले.

४ फेब्रुवारी

आजही हसला. सदऱ्याचा रंग निघत नाही. निघू नये.

१० फेब्रुवारी

दुपारीच परत आला. सुमीतने गाडीवरून दारात सोडलं आणि गेला.

मोज्यातून रक्त गळत होतं. आडोशाला लावलेल्या पत्र्याची कड तळव्यात घुसली — याला कळलंच नाही! खेळतच राहिला. एका पोराने पाहिलं, पट्टी बांधायला मोजा ओढला. बोटं पाहिली. तो पोरगा दवाखान्यातलं काम शिकतो. हात सोडून मागे सरकला. म्हणाला, "भाऊ, हे शॉकचं नोहे."

मी जखम धुतली, हळद भरली. तोंडातून निघून गेलं, "दुखतं का रे?"

"दुखलं असतं तं बरं झालं असतं नं, आई."

१६ फेब्रुवारी

आमच्या दुकानावरून जाऊन दोघी नेहमीच्या बायकांनी पलीकडच्या दुकानातून साखर घेतली. यांनी गल्ल्यावरून पाहिलं.  बोलले असते तर बरं.

सुलोचनाबाईंचा फोन. आवाज अगदी गोड. "वहिनी, तुम्ही जिवाले लावून घेऊ नोका. अमरावतीच्या त्या खोलीतूनच आनलं असन त्यानं. तुमच्या घरात तं कोनालेच नाई."

तेच तर. भरतीच्या तयारीला अमरावतीला राहिला, एका खोलीत सहा पोरं, कोण कुठली. मी पाठवलं नसतं तर! पण पाठव म्हणून मीच यांच्या मागे लागले होते.

२३ फेब्रुवारी

मार्कर खाटेखाली. बॅटरी त्याने काढून मला दिली, "टॉर्चले कामी येईन." टॉर्चला ती बसत नाही. त्यालाही माहीत आहे.

२४ फेब्रुवारी

संकष्टी. केळझरला गेले नाही.

२ मार्च

सुमीत आला. दारात घुटमळला. बस म्हटलं तर बसला, आणि स्वतःहून पाणी मागून प्यायला. नीलेशच्याच पेल्यात! मला त्याच्या आईचं नाव घेऊन आशीर्वाद द्यावासा वाटला.

"काकू, माह्या मनात काई नाई. पन पोरं आयकत नाई. तुम्ही डॉक्टरचा कागद आना — याच्यापासून कोनाले काई होत नाई असा. लॅमिनेशन करून गेटवर लावतो."

मागच्या खोलीतून आवाज आला, "काऊन बे, जत्रेतल्या वाघावानी पाटी लावतं का माही?"

"वाघ? तू? त्या दिवशी झाडामागं बसून होता, ससा!"

"त्या सशानं तिघायले मारलं."

 सुमीत जाताना मला हळूच म्हणाला, "काकू, कागद आना. मले खरंच लावाचा आहे."

म्हणजे अजून एक वाट आहे. फार आशा धरत नाही. पण आहे.

६ मार्च

दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कागद लगेच लिहिला. सही, शिक्का. आजार बरा झाला, सोबत खेळायला हरकत नाही. इतकं सोपं होतं! मी दोन वर्षं मागितलाच नाही.

शिक्का वाळेपर्यंत त्यांनी जुने कागद चाळले. "घरच्यांची तपासणी झाली होती?"

नव्हती. तेव्हा सांगितलं होतं त्यांनी. हे म्हणाले होते, दुकान बंद करून तिथल्या रांगेत उभे दिसलो तर गावाला सांगायचंच काय राहिलं? मलाही ते पटलं होतं. "घरात कोणाला काही नाही हो, डॉक्टर," मी म्हटलं.

"नसेल तर चांगलंच. सोमवारी दोघंही या."

यांना सांगितलं. वाटलं, चिडतील. म्हणाले, "आता लपवाचं राह्यलं काय? जाऊन येऊ."

१० मार्च

यांचं काही निघालं नाही. मग मला पडद्याआड नेलं. नर्सबाई म्हणाल्या, पाठ इकडे करा, डोळे मिटा, कापूस लागला की बोट वर करा. मी डोळे मिटून बसले. आता लावतील, आता लावतील. फारच वेळ झाला. म्हटलं, बाई, करा ना सुरू.

त्या म्हणाल्या, "झालं."

डॉक्टर म्हणतात, माझ्या पाठीवरचा डाग बऱ्याच वर्षांचा आहे. नीलेशच्या आजाराच्या आधीचा.