वरचं दार

बर्नसाइड कॉटेज, स्टर्लिंगशायर
१२ एप्रिल १९८३

चि. सौ. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तू, यशोधनराव आणि अनू लेस्टरला खुशाल असाल असं धरून चालते. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. रविवारी सकाळी सगळं ग्लासगो झोपलेलं असताना मी तुला समोर बसवून मराठी वाचायला शिकवलं, ते असं कधीतरी कामाला यावं म्हणूनच. कुठे अडलीस तर यशोधनरावांना विचार.

दोन वर्षांत तू माझ्याशी फोनवरसुद्धा बोलली नाहीस, त्याविषयी मी काही लिहिणार नाही.

इथे तीन आठवडे सूर्य नाही. पाऊस, मध्येच बर्फमिश्रित पाऊस, परत पाऊस. ओढ्याचं पाणी रस्त्यावर येतं, त्यामुळे गावात जाणं आठवड्यातून एकदा, तेही जमलं तर. कपडे वाळत नाहीत. भिंतींना ओल आली आहे.

तू इथे आली नाहीस म्हणून तुला ठाऊक नसेल. ग्लासगोचा दवाखाना सोडल्यावर बाबांनी दोन हायलंड पोनी घेतल्या. पेगी आणि फ्लोरा. दोघी ठेंगण्या, पायांवर झुपकेदार केस, स्वभावाने हट्टी. मला विचारून घेतल्या नव्हत्या. "अगं, कोकणात आमच्याकडे घोडा होता," म्हणाले. होता तो टांगेवाल्याचा होता, यांच्या वडिलांचा नव्हे. असो. दोघीही गाभण होत्या आणि दोघींचे दिवस एप्रिलमध्येच भरत होते.

शनिवारी सकाळी सातला पाहते तर पेगी कुंपणाशी व्यालेली. शिंगरू चिखलात, नखशिखांत भिजलेलं, उभं राहायला बघतंय आणि पुन्हा पडतंय. मी ते पोत्याने खसाखसा पुसलं, ढकलगाडीत घातलं आणि तबेल्यात आणलं. पेगी सबंध वाट माझ्या पाठीला नाक लावून चालत होती. पहिल्या दोन-तीन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. पाऊण तास त्याला धरून उभी राहिले, तेव्हा कुठे त्याला आचळ सापडलं. नर आहे.

नंतरचं मला कोणी शिकवायला नको. तबेल्याच्या दाराला दोन फळ्या असतात, खालची आणि वरची. मी दोन्ही लावून घेतल्या. भिंतीतल्या झरोक्यांत पोती कोंबली. जाळीच्या पलीकडे पॅराफिनचा हीटर ठेवला. पेगीला कोंड्याच्या आंबोणात गूळ, ओवा आणि बाळंतशेपा घातला, तिने भांडं चाटून स्वच्छ केलं. शिंगराला तुझा शाळेचा निळा स्वेटर घातला आहे, बाह्यांतून पुढचे पाय. शोभतो त्याला.

शेजारच्या फार्मवरच्या इशबेल गिलख्रिस्ट काल बघायला आल्या होत्या. बाई चांगल्या आहेत, पण गमबूट घेऊन कुठेही शिरतात. मी दारातूनच सांगितलं, "वी आर मॅनेजिंग, थँक यू." दहा दिवस मी कोणाला आत सोडणार नाही.

बाबा बरे आहेत. यशोधनरावांचा महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन येतो तेव्हा ते घोड्यांकडे असतात, म्हणून बोलायला येत नाहीत. गैरसमज नको.

यशोधनराव म्हणाले, तुझी तारीख मेच्या मध्यावर आहे. अळीव, डिंक, खारीक सगळं पुण्याहून मागवून ठेवलं आहे. मी बाळंतपणाला यायचं की नाही, ते त्यांच्याकडून कळव. मोघम उत्तर नको.

कळावे.

तुझी आई,
सौ. सुहासिनी देवस्थळी


बर्नसाइड कॉटेज
२७ एप्रिल १९८३

मिनू,

हे पत्र यशोधनरावांना वाचायला देऊ नकोस. सावकाश वाच, पण तू स्वतः वाच. अडलीस तर तो शब्द सोडून पुढे जा.

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. खरं सांगायचं तर तू बोलावलं असतंस तरी मला येता आलं नसतं. नकार तुझ्याकडून यावा, एवढ्यासाठी विचारलं होतं.

आधी शिंगराचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

पाचव्या दिवशी ते उठेना. मला वाटलं गारठलं, म्हणून हीटर मोठा केला आणि वरच्या फळीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या. सहाव्या दिवशी त्याच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलायला लागल्या. पेगीची कास दगडासारखी घट्ट झालेली, दूध आपोआप पेंढ्यावर ठिबकत होतं. म्हणजे पिल्लू पीत नव्हतं. मी बाटलीने पाजायचा प्रयत्न करत होते आणि ते मान फिरवत होतं.

तेवढ्यात बाहेरून इशबेलचा आवाज. "मिसेस डी., दार उघडा बघू. मी नुसती बघते."

मी आतून म्हटलं, "वी आर मॅनेजिंग, थँक यू."

"यू आर नॉट," ती म्हणाली आणि बाहेरून वरची फळी ओढून उघडली. चिंध्या खाली पडल्या. आतली वाफ तिच्या तोंडावर गेली, तशी ती दोन पावलं मागे सरली. "देवा रे. हे काय, टर्किश बाथ काढलंय?"

मी रागाने काहीतरी बोलणार होते. पण बाहेरची हवा आत आली, आणि तेव्हा मला आतला वास आला. माझे डोळे दोन दिवस चुरचुरत होते, ते मी जागरणावर ढकललं होतं. अमोनिया, मिनू. मुतलेल्या पेंढ्यातून उठणारा. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊन दुसरी आलेली बाई मी. लॅबमध्ये बाटलीचं बूच उघडताच नाव सांगायची. सहा दिवस मी त्या पिल्लाला तो हुंगायला लावला, आणि वर त्याला स्वेटर घातला.

"थंडीने मरेल म्हणून मी..." असं मी म्हणायला लागले.

"हायलंडचं पोर आहे ते. थंडी त्याला घाबरते," इशबेल म्हणाली. "पाठीला वारा नको, अंग कोरडं हवं आणि नाकाला हवा हवी. बस. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

सांगायला ती स्वतःच आली होती. मी तिला दारातून परत पाठवलं होतं.

व्हेट आला. फुप्फुसात कफ भरलेला. पाच दिवस पेनिसिलिनची इंजेक्शनं, पेंढा सगळा उपसून नवा, पोती खाली, वरचं दार दिवसरात्र उघडं. पिल्लू जगलं आहे. पळालं की त्याला धाप लागते. ती जाईल का, असं व्हेटला विचारलं, तर तो म्हणाला, बघू.

आता ऐक.

ते इंग्लिश वाक्य मी पहिल्यांदा तबेल्यात उच्चारलं नाही. ते मी तुझ्या लेस्टरच्या घराच्या दारात उभी राहून तीन वेळा म्हटलं आहे. फेब्रुवारी एक्याऐंशी. अनू बारा दिवसांची होती तेव्हा पहिल्यांदा, मग एकोणिसाव्या दिवशी, मग सव्विसाव्या. निळा कोट घातलेली हेल्थ व्हिजिटर, बाळंतिणीला घरी येऊन बघणारी सरकारी नर्स. तिसऱ्या वेळी तिने स्पष्ट विचारलं, "आई रडते का? झोपते का? मला तिला एकदा भेटू द्या." मी म्हटलं, ती झोपली आहे, सगळं छान आहे, वी आर मॅनेजिंग, थँक यू. तू झोपली नव्हतीस. तू वर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. यशोधनराव हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. तिने कार्ड दिलं, ते मी माझ्या पर्समध्ये घातलं.

बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस नको, वारा नको, उजेड नको. माझ्या आईने माझं केलं तसं मी तुझं केलं. पडदे लावले, खिडक्यांच्या फटींना टॉवेल लावले. एकतिसाव्या दिवशी तू अनूला घेऊन गाऊनवर मागच्या गल्लीत पावसात जाऊन उभी राहिलीस. त्यानंतर तुझे हॉस्पिटलातले सहा आठवडे. तिथे पलंगावरून तू मला विचारलंस, "आई, माझ्याकडे कोणीच कसा आला नाही?" आणि मी म्हणाले, "ह्या देशात कोण येतं कोणाकडे." त्यावर तू म्हणालीस, "तू जा." मी गेले. तू तेवढ्यासाठी मला घालवलंस, आणि मी दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं की मुलीला आईची सेवा सोसली नाही.

कोणीतरी आलं होतं. तीनदा आलं होतं.

आणखी एक आहे, ते ह्याहून लहान आहे आणि मला जास्त टोचतं. विसाव्या दिवशी तू म्हणालीस, "आई, मला श्वास नाही येत. खिडकी उघडा ठेव." आणि मी म्हणाले, "उघडा नाही, उघडी. खिडकी स्त्रीलिंगी आहे." तू पुन्हा नीट म्हणालीस. उघडी. तरी मी उघडली नाही.

घोडी आणि मुलगी एका मापाने मोजते आहे, असं समजू नकोस. पण सहाव्या दिवशी जे वरचं दार उघडलं, ते मी उघडलेलं नव्हतं, हे मला लपवता येणार नाही.

आता बाबांचं. पोटुशीला वाईट बातमी सांगू नये म्हणतात. त्या वाक्याचा मी पाच महिने आडोसा घेतला. बाबा घोड्यांकडे नसतात. नोव्हेंबरपासून ते तबेल्यात गेलेले नाहीत. अकरा नोव्हेंबरला त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात आणि पाय गेला. पाय थोडा परत आला आहे, काठीने खिडकीपर्यंत येतात. बोलणं गेलं होतं, तेही परत आलं, पण मराठीच. इंग्लिश आलंच नाही. पंचवीस वर्षं ग्लासगोच्या पेशंटांना त्यांच्याच बोलीत दम भरणारा माणूस इशबेलने "गुड मॉर्निंग, डॉक्टर" म्हटलं की माझ्याकडे बघतो, ही काय म्हणते म्हणून. स्पीच थेरपीवाल्या बाई दोनदा आल्या. त्यांना मी काय सांगितलं असेल, ते तुला आता लिहून सांगायला नको.

त्यामुळे मी इथून हलू शकत नाही. एक तासही नाही. त्यांना पाणी हवं असलं तरी ते समजणारं माणूस ह्या खोऱ्यात मी एकटी. घोड्या विकून टाकू म्हटलं तर रडतात. पाऊस थांबत नाही. कधी कधी चूल, तबेला, पलंग, चूल अशा फेऱ्या घालताना वाटतं की आतून कडी लावून मी किल्ली ओढ्यात टाकली आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही. कडी माझीच आहे, एवढंच. थेरपीवाल्या बाईंना काल फोन केला. सोमवारी येतील. मी दार उघडीन.

फ्लोरा रविवारी व्याली. तीन बाजूंनी भिंत आणि एक बाजू मोकळी, अशा गोठ्यात. समोर गारा पडत होत्या. इशबेल आणि मी बादल्या पालथ्या घालून बसलो. मी उठायला लागले की ती माझा पदर धरून खाली बसवायची. "बसा, मिसेस डी. तिला तिचं काम करू द्या." पिल्लू तीनदा पडलं, चौथ्यांदा उभं राहिलं, आपण होऊन प्यायलं. मादी आहे. आम्ही फक्त पेंढ्याने पुसलं आणि नाळेला आयोडीन लावलं. अंगावर काही घातलं नाही. तुझा स्वेटर धुऊन ठेवला आहे.

मी बाळंतपणाला येणार नाही. अळीव पार्सलने पाठवते, आवडलं तर खा, नाहीतर टाकून दे. हेल्थ व्हिजिटर आली की दार तू स्वतः उघड. आणि खिडकी उघडा ठेव. मी दुरुस्त करणार नाही.

माफ कर, असं मी लिहीत नाही. ते मागायला समोर यावं लागतं, आणि ते तू ठरवायचं आहे. आलीस तर बाबांना तुझं कसलंही मराठी चालेल.

आज सकाळी त्यांना खिडकीशी बसवलं, दोन्ही शिंगरं दाखवली. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मिनूला कळलंय का?"

"काय?"

"माझं."

मी म्हटलं, "हो, कळलंय."

पाऊस जरा उघडला आहे, इशबेल गाडी घेऊन पोस्टात निघाली आहे. हे तिच्याबरोबर देते, म्हणजे निदान बाबांशी बोललेलं खोटं ठरणार नाही. गेल्या पत्राच्या शेवटी मी सवयीने 'कळावे' लिहिलं होतं आणि कळवलं काहीच नव्हतं. तोच शब्द परत लिहिते.

कळावे.

आई