रिचार्ज कोणी मारला

आई, तुझ्या एका खोट्याचा किस्सा सांगून मी आजवर कितीतरी लोकांना हसवलंय. प्रशिक्षणाला मुली कंटाळलेल्या दिसल्या की मी तो काढते. तू असतीस तर माझी जीभ हासडली असतीस.

एकलहऱ्याची वीज केंद्राची कॉलनी. बाबा पाळीवरून येऊन जेवायला बसलेत, तू भाकरी थापतेयस. फोन फक्त शेजारच्या काकूंकडे, आणि त्या ओट्यावरून अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात मला हाक मारतात, "तुझा फोन गं, कोणी मुलगा बोलतोय!" तो कोण होता ते मला आजही माहीत नाही. बरेच दिवस असाच कोणीतरी फोन करायचा आणि मी हॅलो म्हटलं की काहीतरी घाणेरडं बोलून ठेवून द्यायचा. बाबांचा घास हातातच राहिला. तू पिठाचे हात पदराला पुसत गेलीस, परत आलीस आणि म्हणालीस, "माझ्या दादाचा होता, सिन्नरहून. म्हैस व्याली म्हणतोय. या काकूंना तर सगळी पोरंच वाटतात." बाबांना संशय आला नाही, खरवस आठवला. मग काय, दुसऱ्या दिवशी तू कुठल्याशा गवळ्याकडून चीक मिळवलास, खरवस केलास आणि मामाने पाठवला म्हणून वाढलास. मी बारावीतली दीडशहाणी. स्वयंपाकघरात तुला गाठून म्हणाले, "खोटं कशाला बोलायचं? माझी काही चूक आहे का?" तू म्हणालीस, "खा गुपचूप. साखर बरोबर झालीय का सांग." पुढे मी याच प्रसंगाला 'बाईला घरात खरं बोलता येत नाही त्याचं उदाहरण' असं नाव दिलं. लोक खरवसाला हसतात, मग गंभीर होतात. मला ते आवडायचं.

आता माझं कामच ते आहे. वस्त्यांमधल्या तरुण मुलींना फोनवरून कसा त्रास दिला जातो, याचा अभ्यास. तू गेलीस तेव्हा माझ्या हातात बटणांचा फोन होता, त्यामुळे तुला हे समजावून सांगायला वेळ लागेल. एवढंच समज की तो काकूंच्या घरी फोन करणारा माणूस आता प्रत्येक मुलीच्या उशाशी बसलेला असतो. नाशकात द्वारका चौकाच्या पलीकडच्या एका वस्तीत, बुद्धविहाराच्या बाजूच्या खोलीत आम्ही मुलींना भेटायचो. तिथे एक नर्सिंगला जाणारी मुलगी आली. तिच्या चेहऱ्याला दुसऱ्याच कुणाचं उघडं अंग जोडून एका मुलाने तो फोटो तिला पाठवला होता. बोलली नाहीस तर सगळ्यांना पाठवीन, म्हणत होता. तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगताना ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, घरी कळलं ना, तर माझं शिकणं बंद. तेवढं फक्त सांभाळा." मी म्हटलं, "तुझं नाव कुठेही येणार नाही." आणि नाव खरंच कुठे आलं नाही.

आमच्या संस्थेत अभ्यासासाठी वेळ देणाऱ्या मुलींना थोडं मानधन द्यायची पद्धत आहे. रोख दिलं तर घरी विचारतात, कुठून आणलं? म्हणून बैठकीत मीच सुचवलं, की त्यांच्या फोनला परस्पर रिचार्ज करू. कुणाला दिसणार नाही, कुणाला कळणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणालासुद्धा, की हे अनुभवातूनच सुचतं. त्या नर्सिंगच्या मुलीच्या घरात सगळ्यांचे रिचार्ज भाऊच मारतो, कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन, हे मला अनुभवातून काही सुचलं नाही. तो गेला तर दुकानदार म्हणाला, "हिचा झालाय की." पोरीला न विचारता बाहेरचं कुणी रिचार्ज मारतं, याचा वस्तीत एकच अर्थ होतो. मला तो माहीत होता, आई. निम्म्या मुलींनी मला तेच तर सांगितलं होतं, की तो आधी रिचार्ज मारतो आणि मग हक्क सांगतो.

तिने मैत्रिणीच्या फोनवरून मला विचारलं, "मॅडम, तुम्हीच मारला ना? दादा विचारतोय, कोणी मारला? काय सांगू?" माझं नाव सांग म्हणावं, तर मग तू कशाला भेटलीस त्या बाईला, हे आलं. आणि ते आलं की फोटो आला. मी म्हटलं, "थांब, मी विचारून सांगते." कुणाला विचारणार होते मी? वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, घरच्यांशी संपर्क करायचा नाही हा आपलाच नियम आहे, संस्थेच्या समितीपुढे ठेवू. समिती बसली, उठली, पुन्हा बसली. तिकडे तिचा फोन काढून घेतला होता. ती पोरगी मार खात राहिली आणि माझं नाव तिने घेतलं नाही. तिचं नाव सांभाळायचं वचन मी दिलं होतं, माझं सांभाळलं तिने.

मला तुझी म्हैस फार उशिरा आठवली. गेल्या आठवड्यात तिच्या नंबरवर फोन लावला. अपेक्षेप्रमाणे भावाने उचलला. मी आवाजात जमेल तेवढा वैताग आणून म्हटलं, "अहो, मागे माझ्या भाचीला रिचार्ज करताना एक आकडा चुकला, तुमच्या नंबरला गेला वाटतं." तो म्हणाला, "तुम्ही मारला होता व्हय तो?" भांडेल म्हणून मी तयारीत होते. तो भांडला नाही. "मॅडम, त्या रिचार्जपायी पोरीला लय मारलं आम्ही. आई अजून तिच्याशी बोलत नाय." मी विचारलं, आता कॉलेज? "नाव काढलं ना. मामाकडं ठेवलीय. सोयरीक झाली, सुपारी फुटली. आता त्या लोकांना काय सांगू?" तो म्हणाला, "तुमचे पैसे टाकतो, याच नंबरला टाकू का?" नको नको म्हणेपर्यंत त्याने टाकलेसुद्धा. आणि मग अगदी साधेपणाने विचारलं, "आधी का नाय केला हो फोन?"

मी सांगितलं, गावाला गेले होते. तुझ्याकडून एवढंच शिकले बघ, आणि तेही स्वतःची कातडी वाचवायला. त्या दिवशी तू क्षणभरही थांबली नव्हतीस, कुणाला विचारलं नव्हतंस. भाकरी करपली होती तुझी. मी तुला दीडशहाणपण शिकवत होते. तुझी माफी मागायला मला तोंड नाही, आणि तिची मागायला तिचा फोन नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. म्हणून एक गोष्ट इथेच सांगते. आमचा अहवाल पूर्ण झालाय. त्यात ती मुलगी आहे. 'फोनवरील संशयामुळे कुटुंबीयांनी शिक्षण बंद केले' असं मी तिच्याबद्दल लिहिलंय. संशय कशामुळे आला ते लिहिलेलं नाही. काल तो अहवाल मी तसाच पाठवून दिला.