पाठीवरचे सात गोल

३ ऑगस्ट, गुरुवार
शूनान आजही आंघोळ न करता झोपला. या उकाड्यात, अंगात बनियन ठेवून! सलग तिसरा गुरुवार. दमलोय म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

४ ऑगस्ट
सकाळी बनियन वर सरकलं होतं. पाठीवर सात जांभळे गोल — तुंबड्या लावल्याचे, गरम पेले चिकटवून कातडी ओढून घेतात त्याचे. त्या दिवशी अंगाला पाणी लावत नाहीत, म्हणून आंघोळ नाही. माझा नवरा तर सुईलाही घाबरणारा माणूस! विचारलं तर म्हणे, पाठ धरते, ऑफिसजवळ तुंबड्या लावून देणारं दुकान आहे, तिथे जातो. मग लपवलंस का? यावर चहा पीत राहिला.

७ ऑगस्ट
त्या दुकानात जाऊन आले. पंचेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याच्या मागावर! तिथली मुलगी म्हणाली, असं कुणी येत नाही. शिवाय त्यांच्या तुंबड्या काचेच्या, एका मापाच्या. शूनानच्या पाठीवरचे गोल लहानमोठे आहेत. म्हणजे कुणीतरी घरीच लावतंय. त्याला शर्ट काढायला लावून, निवांत.
शेजारच्या छिउ मावशींकडे सहज विषय काढला.
"एकोणीस वर्षांनी नवऱ्याची पाठ दिसली होय गं तुला?"
हसले. घरी येऊन रडले.

१० ऑगस्ट, गुरुवार
त्याचं बनियन हुंगून पाहिलं. अत्तर नाही. उकळलेल्या पाल्याचा उग्र वास.
पाल्याच्या पाण्यात बांबूच्या तुंबड्या उकळून लावणारा या गावात आता एकच माणूस उरलाय. नदीपलीकडे.
माझे बाबा.
एखादी बाई असती तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट
सहा वर्षं त्या घराची पायरी चढले नाही मी. आईच्या छातीत दुखत होतं, आणि बाबा म्हणत राहिले — गारठा बसलाय, तुंबड्यांनी निघेल. तीन दिवस! चौथ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं, ती परत आली नाही. तुम्ही मारलंत तिला, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले होते. शूनान तेव्हा शेजारीच उभा होता. तरी जातो!
आज भांडले. तो एवढंच म्हणाला, "त्यांच्याकडे आता कुणी पाठ घेऊन येत नाही. म्हणून मी जातो."
मला पटत नाही. बाबांनी त्याच्या डोक्यात काहीतरी भरवलं असणार. म्हाताऱ्याला अजून आपलंच खरं करायचंय. आणि उद्या याच्या छातीत दुखलं तर? तेव्हाही गारठाच म्हणणार का?

१८ ऑगस्ट
काल गेला नाही. साडेसहापासून घड्याळाकडे बघत बसला होता. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

२० ऑगस्ट, रविवार
गेले. भांडायलाच गेले होते. बाबा दारात बसले होते, केवढेसे झालेत! त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही नाही. तोंडातून निघालं ते भलतंच — पाठ दुखते. आत जाऊन बाकावर पालथी पडले. बाबांची पावलं बाकाशेजारी येऊन थांबली. मग म्हणाले,
"ऊठ. आधी हॉस्पिटलात दाखव, कागद घेऊन ये. तो पाहिल्याशिवाय मी आता कुणाच्याच पाठीला हात लावत नाही."