आजार: नाही

बाबा, मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. ऑफिसचा विमा संपला, म्हणून नव्या आरोग्य विम्याचा फॉर्म भरायला मुलगा काल लॅपटॉप घेऊन समोर बसला. "आई, आधीचे आजार सगळे खरे सांग हं, बिल्कुल लपवू नकोस," म्हणाला. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले. आज तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही निवृत्त झालात आणि आपण दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून फरीदाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, ते वर्ष आठवतं. चहूकडे अर्धवट इमारती, खिडक्यांवर सिमेंटची धूळ. तुमच्याकडे सरकारी दवाखान्याचं कार्ड होतं, पण तो दवाखाना दिल्लीत, दोन बस बदलून जावं लागायचं. घराजवळच्या नव्या खाजगी हॉस्पिटलात ते कार्ड चालत नव्हतं. मी नुकतीच गुडगावच्या कंपनीत लागले होते, सगळं कळतं अशा तोऱ्यात होते. म्हटलं, कार्ड राहू दे, त्याच्या जोडीला एक पॉलिसी घेऊ.

रविवार सकाळ. स्वयंपाकघरात आई पोह्यांना फोडणी देते आहे, जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरलेला. तुम्ही चष्मा पुसून एकेक ओळ वाचता, जन्मभर फायली वाचल्यात तशी. 'पूर्वीचे आजार' या रकान्यापाशी पेन थांबतं. "इथे छातीचं लिहायला हवं. जिना चढताना दुखतं, डॉक्टरांनी गोळी दिलीय." मी म्हणते, "बाबा, ते लिहिलंत तर देणारच नाहीत. 'नाही' लिहा. सगळे तसंच करतात." तुम्ही माझ्याकडे बघता. ऑफिसचा कागद घरी वापरला म्हणून मला लहानपणी रागावलेले तुम्ही. मला वाटलं, आता ओरडाल. पण "तू म्हणतेस तर," एवढंच बोललात, 'नाही' लिहिलंत आणि सही केलीत.

पॉलिसी आली. पुढच्या थंडीत तुमचं दुखणं वाढलं, ते तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. घराजवळच्या हॉस्पिटलात गेला नाहीत. एका सकाळी "जुन्या मित्राकडे जातो" म्हणून दिल्लीची बस पकडलीत आणि दवाखान्याच्या रांगेतच कोसळलात. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. कुणीतरी तुमचं स्वेटर घडी करून माझ्या हातात दिलं.

तेराव्यानंतर आईने सांगितलं. तिने आदल्या रात्री तुम्हाला विचारलं होतं, इतकं जवळ हॉस्पिटल आहे, तिथे का नाही जात? तुम्ही म्हणालात, "तिथे जुने कागद मागतील. पोरीने खोटं लिहायला लावलं हे बाहेर येईल. नवीन नोकरी आहे तिची." आईला कसलं खोटं ते कळलं नव्हतं. तिने मला विचारलं. मी म्हटलं, "काय माहीत."

आईही गेली आता. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. हे पत्र वाचायला कुणी उरलेलं नाही, म्हणूनच लिहवतंय. आणि एक सांगते, बाबा, रडून झाल्यावर मला अजून तुमचाच राग येतो. त्या रविवारी मला एकदा रागवायचं होतंत.